चौथ्या बाजूवरचा प्रश्न

म्यूनिककडच्या ओबरमोसिंग गावात झेन्झीशी भांडण काढायचं असेल तर माणसं आधी पोटभर जेवून जात. रिकाम्या पोटी तिच्यापुढे निभाव लागत नसे. पूर्ण नाव क्रेसेन्झ आउम्यूलर, वय चोपन्न, अंगाने आडवी, हाताने सढळ आणि तोंडाने त्याहून सढळ. चर्चच्या अगदी समोरची 'काळा मेंढा' ही खानावळ आधी तिच्या वडिलांची, मग तिची. नवरा आलोइस घरजावई म्हणून आला, युद्धावर गेला, एक पाय तिकडेच ठेवून परत आला आणि पंचावन्न साली उरलेला सगळाच गेला. मूलबाळ नाही. पण रविवारची प्रार्थना आटोपली की गावातले दहा-बारा बाप्ये तिच्या शेगडीशेजारच्या गोल टेबलाला येऊन चिकटत, बिअर पीत, पत्ते कुटत, आणि झेन्झी त्यांच्या डोक्यावर उभी राहून एकेकाची हजेरी घेई. हाच तिचा संसार. आणि हा संसार ज्यावर उभा होता तो म्हणजे दारामागे काचेत लावलेला एक पिवळा कागद, बिअर विकायचा परवाना.

वरच्या मजल्यावर नाचाचं मोठं दालन होतं, वडिलांनी हौसेने बांधलेलं. गावातली लग्नं आता तालुक्याच्या हॉटेलात लागायला लागली तसं ते ओस पडलं. अडुसष्टच्या शरदात झेन्झीने ते म्यूनिकहून आलेल्या सात केसाळ पोरापोरींना राहायला देऊन टाकलं, आणि गावाचं डोकंच फिरलं. कारण ती सात जणं नुसती राहत नव्हती, वाजवत होती. त्यांचा बँड होता. नाव मोंडफ्लूग, म्हणजे चंद्राचा नांगर.

"जमिनीवरचा नांगर कधी धरलाय का त्यांनी? म्हणे चंद्रावर!" बार्टल म्हणाला. बार्टल म्हणजे झेन्झीचा दीर, आणि गेली अकरा वर्षं गावचा सरपंच.

"नाहीच धरलेला," झेन्झी म्हणाली. "लाकडं फोडायला दिली तर कुऱ्हाडीचा दांडाच फोडून आणला. पण सांगितलेलं ऐकतात हो. तुमच्या थोरल्याला एकदा काही सांगून बघा, भावजी."

गोल टेबल खदखदून हसलं. बार्टलने बिअरचा पेला तोंडाला लावला तो बराच वेळ खाली ठेवला नाही.

खरं सांगायचं तर त्यांचं वाजवणं झेन्झीला सुरुवातीला मुळीच आवडलं नव्हतं. फडताळातली भांडी जिन्यावरून सोडून दिल्यासारखं वाटायचं. कधी एकदा थांबतंय म्हणून ती हात पुसत जिन्यात उभी राहायची. मग थांबायचं, आणि तिला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. पहिल्या हिवाळ्यानंतर ती जिन्यात उभी राहण्यासाठी काहीबाही कारण शोधायला लागली. तिसऱ्या पायरीवर तिची एक कायमची जागाच झाली. कुणी विचारलंच तर म्हणायची, "पायऱ्या पुसतेय."

बँडमध्ये ऑर्गन वाजवणारी आणि गाणारी पोरगी होती ओटी, ओटिलिये. वय सव्वीस, अंगावर कुणाच्या तरी आजोबांचा कोट. बाप वुर्त्सबुर्गला न्यायाधीश. एकदा बटाटे सोलता सोलता झेन्झीने विचारलं, "घरी का जात नाहीस गं? भांडलीस?"

"भांडले कुठे, मावशी. एकच प्रश्न विचारला. म्हटलं, बाबा, तुम्ही नाझींच्या त्या वर्षांमध्येही न्यायाधीशच होतात ना, मग तेव्हा कुणाकुणाला शिक्षा दिल्या? त्यांनी नॅपकिन घडी करून ठेवला आणि म्हणाले, उद्या सकाळी तू गेलेली असशील."

 झेन्झीने बटाटा इतका जाड सोलला की निम्मा सालातच गेला.

सत्तरच्या मार्चमध्ये चंद्राच्या नांगराची रेकॉर्ड तयार होत होती, एका पाकिटात दोन तबकड्या. पहिली तबकडी गाण्यांची. ती म्यूनिकच्या स्टुडिओत पार पडली होती. घोडं पेंड खात होतं दुसऱ्या तबकडीपाशी. ओटीला त्यात गाणी नको होती. आधी काही न ठरवता, एकमेकांचं ऐकत ऐकत जे सुचेल ते वाजवायचं, अख्खी बाजू भरून, मध्ये न कापता, आणि तेही स्टुडिओत नाही, या दालनात. तिसरी बाजू त्यांची कशीबशी मनासारखी झाली होती, तीही दोन तुकडे जोडून. चौथी काही होईना. कंपनीच्या माणसाने सांगून टाकलं होतं, ईस्टरनंतरच्या मंगळवारपर्यंत फीत माझ्या टेबलावर आली तर दोन तबकड्या, नाहीतर एकच. ध्वनिमुद्रणाचं यंत्र लोथार नावाच्या त्यांच्या मित्राने सुट्टीपुरतं मागून आणलं होतं. त्याने दालनभर मायक्रोफोन टांगले आणि एक जिन्यातही टांगला, तिसऱ्या पायरीच्या वर. जिन्यात आवाज छान घुमतो म्हणे.

सगळं जमलं, पण समोरच्या चर्चची घंटा जमू देईना. दर पंधरा मिनिटांनी टोल. शिवाय सकाळ-दुपार-संध्याकाळची प्रार्थनेची घंटा, कुणी मेलं तर त्याची वेगळी. वाजवणाऱ्यांचा हात बसून वाफ धरेपर्यंत दहा मिनिटं जात, आणि आता रंग भरणार तोच, ढण्ण! ढोलवाला एक्के मोठ्या हाडाचा, मऊ स्वभावाचा पोरगा. सहाव्यांदा असं झालं तेव्हा तो दालनाच्या मधोमध बसून रडला.

ओटी खाली आली. "मावशी, घंटा थांबवता नाही येणार? अर्धा तास?"

"घंटा? अगं, बिशप आला तरी कोर्बिनियान घंटा थांबवायचा नाही." कोर्बिनियान म्हणजे चर्चचा सेवक, घंटेच्या दोरीला साठ वर्षं लटकून दोरीसारखाच झालेला. पण झेन्झी बोलता बोलता थांबली आणि मांडीवर थाप मारून हसली. "अगं वेडे! आज वार कुठला? मंगळवार. गुरुवारी संध्याकाळी घंटा रोमला जातात."

"कुठे जातात?"

"रोमला. गुरुवारच्या प्रार्थनेत शेवटच्या वाजल्या की गप्प, ते थेट शनिवारी रात्रीपर्यंत. आम्हाला लहानपणी सांगायचे, उडून रोमला जातात म्हणून. घड्याळाचा हातोडासुद्धा कोर्बिनियान बांधून ठेवतो. शुक्रवारी गावात चिडीचूप. टाचणी पडली तर ऐकू येईल. तेव्हा वाजवा, किती वाजवायचं ते."

ओटीने तिला मिठी मारली. एवढं बोलून झाल्यावर झेन्झीच्या लक्षात आलं की शुक्रवार म्हणजे गुड फ्रायडे, आणि त्या दिवशी खानावळीत वाजवायला बंदी.

गुरुवारी दुपारी बार्टल आला तो बसलाच नाही. पोलीस शिपाई झिर्नगिब्ल बरोबर होता, अवघडलेला, टोपी हातात. गोल टेबलावरचे पत्ते थांबले.

"वहिनी, कानावर आलंय ते खरं का? उद्या वर वाजवणार आहेत?"

"तुमच्या कानावर काय येत नाही, भावजी! हो, वाजवणार आहेत."

"वर एक तार जरी वाजली तरी तुझा परवाना गेला म्हणून समज. कायदा आहे."

"कायदा जरा नीट सांगा बाई. मी अडाणी."

बार्टलने खाकरून घसा साफ केला. कायदा सांगायला त्याला फार आवडायचं. "बिअर विकायचा परवाना ज्या जागेला आहे, त्या जागेत गुड फ्रायडेला कसलंही वादन करता येत नाही. घरात खुशाल वाजवा. खानावळीत नाही."

"परवाना ज्या जागेला आहे, त्या जागेत."

"त्या जागेत."

"झिर्नगिब्ल, ऐकलंस ना रे? तू साक्षीदार," झेन्झी म्हणाली आणि पेले विसळायला गेली.

पेले विसळताना ती ते आदळत होती. संतापाने. कारण तिला दुसरा एक गुड फ्रायडे आठवत होता, अडतीस सालचा. त्या वसंतात नाझींनी ऑस्ट्रिया घेतला होता आणि त्यांच्या तपकिरी सदऱ्यांचा उत्साह कुठल्या शुक्रवाराला भीत नव्हता. गावातली वीस-पंचवीस मंडळी झेंडे घेऊन आली, पितळी वाद्यं घेऊन आली, आणि म्हणाली, वरचं दालन उघड. झेन्झीचे वडील जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभे राहिले. म्हणाले, "आज नाही. आज देवाचा मृत्यूदिवस आहे. आज वर कुणी जाणार नाही." त्यांना कुणी मारलं नाही. मारलं असतं तर बरं, असं झेन्झीला पुढे कितीदा वाटलं. त्यांना दोन जणांनी काखेत हात घालून उचललं, हसत हसत, एखादी खुर्ची बाजूला ठेवावी तसं कोपऱ्यात ठेवलं, आणि सगळे वर गेले. मोठा ढोल सगळ्यात पुढे. सूर्य बुडेपर्यंत वर मार्चची गाणी चालली होती. बावीस वर्षांच्या झेन्झीने चाळीस पेले वर नेले. वडील स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून बसले ते ईस्टरपर्यंत बोलले नाहीत. त्यानंतरही फारसं बोलले नाहीत.

त्या शुक्रवारी कुणाचा परवाना गेला नव्हता. कायदा तेव्हाही होता.

शुक्रवारी सकाळी बर्फ पडून गेला होता. झेन्झीने बिअरच्या पिंपाची तोटी काढली, धुतली, फडक्यात गुंडाळली. मग स्टूल घेतलं, दारामागची काचेची चौकट उतरवली. भिंतीवर तिच्या जागी एक पांढरा चौकोन राहिला. तिला एकदम रडू आलं, आणि रडू आलं म्हणून स्वतःचाच राग आला.

ओटी धावत खाली आली. "मावशी, नका ना! हे काय करताय? रेकॉर्डसाठी कुणी असं घर मोडतं का? आम्ही एकाच तबकडीवर भागवू."

"तुमच्या रेकॉर्डसाठी करतेय असं तुला कुणी सांगितलं? फार मोठी समजतेस स्वतःला! जा वर. अडीचला सुरू करा. तीनला सगळं गाव चर्चमध्ये असतं, कुणी त्रास द्यायला येणार नाही."

चौकट काखेत मारून ती बर्फातून चौकीवर गेली आणि तिने परवाना झिर्नगिब्लच्या टेबलावर ठेवला. "पोचपावती लिही. आज सकाळी दहा वाजता क्रेसेन्झ आउम्यूलर हिने परवाना स्वखुशीने परत केला. दहा वाजता, हे नीट लिही."

झिर्नगिब्ल कागदाकडे बघत राहिला. "झेन्झीकाकू, हा परत नाही मिळायचा. सरपंचाची शिफारस लागते, आणि तो..."

"मी विचारलं का तुला? लिही."

त्याने लिहिलं. सही करताना म्हणाला, "आणि मी रविवारी कुठे जाऊ?"

अडीच वाजता वर सुरू झालं. झेन्झी तिसऱ्या पायरीवर बसली. आज पायऱ्या पुसायचं सोंग नव्हतं. हे आता तिचं घर होतं, खानावळ नव्हे, आणि स्वतःच्या घरात माणूस कुठेही बसतं. आधी नुसता ऑर्गनचा एक लांब सूर आला, मग गिटार त्याच्याभोवती घुटमळली. एक्केचा ढोल बराच वेळ आलाच नाही. आला तो असा की झेन्झीला पायाखालच्या फळीतून आधी कळला. ओटी गात होती, पण शब्द नव्हते. गाईला वासरू दिसत नाही तेव्हा ती जशी हंबरते तसं काहीसं होतं ते, आणि झेन्झीच्या मानेवर काटा आला. दहा मिनिटं झाली. टोल पडला नाही. वाफ धरली होती. झेन्झीने मनात म्हटलं, चला, जमलं पोरांना.

आणि पावणेतीनला चर्चच्या मनोऱ्यावरून खडखडाट सुरू झाला.

झेन्झीने कपाळावर हात मारला. "अरे देवा! खडखडा!"

घंटा रोमला गेल्या की गावाला प्रार्थनेला बोलावायला मनोऱ्यात लाकडी खडखडा फिरवतात. हातगाडीएवढी पेटी असते, दांडा फिरवला की लाकडाचे हातोडे फळीवर आदळतात, आणि त्याचा आवाज दोन कोसांवरची डुकरं उठवतो. झेन्झीने तो चोपन्न वर्षं ऐकला होता. पण ओबरमोसिंगमध्ये त्याला कुणी आवाज समजतच नाही. घंटा नाही म्हणजे शांतता, आणि खडखडा हा त्या शांततेचाच भाग. मंगळवारी ती छातीठोकपणे 'चिडीचूप' म्हणाली होती तेव्हा तिच्या डोक्यातसुद्धा आला नव्हता. आता पोरं थांबणार, एक्के रडणार, आणि परवाना तर सकाळीच गेला. 

पण वरचं वाजणं थांबलं नाही. एक क्षण अडखळलं. मग एक्केने खडखड्याची चाल पकडली. आधी दबकत, मग अंगात आल्यासारखी. मनोऱ्यावरून लाकूड कडाडत होतं, दालनातून ढोल त्याला उत्तर देत होता, आणि मधल्या रस्त्यावर काळे कोट घालून चर्चला निघालेलं गाव तोंड उघडं टाकून उभं होतं. खडखडा एरवी तीन प्रार्थना म्हणून होईपर्यंत फिरवतात, फार तर दोन मिनिटं. आज दोन मिनिटं झाली, चार झाली, सहा झाली. कोर्बिनियान थांबायलाच तयार नव्हता.

दार धाडकन उघडलं. बार्टल, काळा कोट, डोळे लाल. मागे झिर्नगिब्ल.

"बंद करा! आत्ताच्या आत्ता! झिर्नगिब्ल, वर जा!"

"साहेब, मला जाता येत नाही," झिर्नगिब्ल म्हणाला. "परवाना चौकीत आहे. दहा वाजल्यापासून ही खानावळ नाही. हे घर आहे. घरात खुशाल वाजवा, असं तुम्हीच..."

"मग मी जातो!"

झेन्झी उठून उभी राहिली. जिना अरुंद होता आणि ती आडवी होती. बार्टलने एक पाय पहिल्या पायरीवर ठेवला. आणि नेमका तेव्हाच मनोऱ्यावरचा खडखडा थांबला. कोर्बिनियानचे हात भरून आले असतील. त्याबरोबर वरचं वाजणंही खाली खाली आलं, ढोल थांबला, गिटार थांबली, ऑर्गनचा एकच सूर उरला, तोही विझत चाललेला. आणि त्या जवळजवळ काहीच नसलेल्या आवाजात झेन्झी बोलली. ओरडली नाही. भावजी म्हणाली नाही, लग्नाआधी म्हणायची तसं नावाने म्हणाली.

"बार्टल, अडतीसच्या गुड फ्रायडेला इथे वर मोठा ढोल कोण बडवत होतं?"

ऑर्गनचा सूरही गेला. जिन्यात काही म्हणता काही नव्हतं. बार्टलचा पाय पहिल्या पायरीवर तसाच.  मग त्याने पाय मागे घेतला, टोपी डोक्यावर ठेवली आणि तो चर्चला निघून गेला. दार लागलं, आणि वर ओटीने पुन्हा ऑर्गनवर बोट ठेवलं.

ईस्टरच्या रविवारी घंटा रोमहून परत येऊन नुसत्या धुमाकूळ घालत होत्या. प्रार्थना सुटली आणि गोल टेबलाची मंडळी नेहमीच्या वेळी, नेहमीच्या क्रमाने आत आली.

"बिअर नाही रे बाबांनो," झेन्झी कंबरेवर हात ठेवून म्हणाली. "कॉफी देते, तीसुद्धा फुकट. विकली तर माझे दीर धावत येतील."

 झिर्नगिब्लने कोटाच्या खिशातून बिअरची बाटली काढून टेबलावर ठेवली. मग दुसऱ्याने. मग सगळ्यांनी. पाहुण्याने घरी येताना बाटली आणली तर कुठला कायदा आड येतो? कोर्बिनियान सगळ्यात शेवटी आला. दोन्ही तळहात चिंध्यांनी बांधलेले.

"काय रे, परवा अकरा मिनिटं खडखडा?" कुणीतरी विचारलं.

"दांडा अडकला होता," कोर्बिनियान म्हणाला आणि त्याने तपकीर ओढली.

"अडकला की थांबतो रे, फिरत नाही राहत."

"माझा फिरत राहतो."

त्या दिवशी बार्टलची खुर्ची रिकामी राहिली, आणि पुढेही राहिली.

मेमध्ये ओटी म्यूनिकहून फीत घेऊन आली. खालच्या खोलीत यंत्र मांडलं आणि झेन्झीला ऐकवलं. खडखडा आला, ढोल आला, मग सगळं खाली खाली गेलं आणि जिन्यातल्या मायक्रोफोनमधून झेन्झीचाच आवाज खोलीत बोलला. स्पष्ट, शेजारी उभी असल्यासारखा. झेन्झी दचकली.

"कंपनीचा माणूस म्हणतो तेवढं कापू या," ओटी म्हणाली. "मी म्हटलं, ज्यांचा आवाज आहे त्यांना विचारते."

"आणि याच्यापुढे इतका वेळ काहीच कसं नाही वाजत?"

"आम्हाला वरती ऐकू येत होतं, मावशी. तो काय उत्तर देतो म्हणून आम्ही थांबलो होतो. अकरा सेकंद. मी मोजलीत."

झेन्झीने विचार करायला एक दिवस मागितला. गावात शिंकलं तरी बार्टलला कळायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो मागच्या दाराने आला. दोन महिन्यांत उतरला होता. खिशातून एक दुमडलेला कागद काढून त्याने टेबलावर सरळ केला.

"शिफारस लिहिली आहे, वहिनी. सही, शिक्का, सगळं. तालुक्याशी बोललोय. आठ दिवसांत परवाना परत भिंतीवर. फक्त ते एक वाक्य... कुणाला कळणार आहे ते गेलेलं?"

झेन्झीने कागद हातात घेतला. दोनदा वाचला. भिंतीवरचा पांढरा चौकोन तिच्यासमोरच होता. तोटी, पेल्यांचा आवाज, रविवारचा गोंधळ, सगळं त्या एका कागदात होतं, आणि तिला ते हवं होतं. खोटं कशाला बोला, फार हवं होतं.

"मी चोवीस वर्षांचा होतो," बार्टल म्हणाला.  "नातवंडं ऐकतील गं ते."

"मी बावीसची होते. मीही चाळीस पेले वर नेले त्या दिवशी, भावजी. एकही सांडला नाही. माझा बाप स्वयंपाकघरात बसला होता आणि मी पेले नेत होते. हे मी कुणालाही सांगेन, त्या यंत्रात बोलायचं तर बोलेन. तुम्हीही बोला. ओटी आत आहे. ती अकरा सेकंद तुमचीच आहेत, तुमची वाट बघतायत. म्हणा, मी वाजवला, आणि नातवंडांना ते ऐकू द्या. मी तुम्हाला स्वतःच्या हाताने कॉफी करून देते."

बार्टलने खाली मान घातली. आतल्या खोलीत ओटीचं यंत्र तयार होतं, दार उघडं होतं. तो बसून राहिला, घड्याळात टोल पडेपर्यंत. मग उठला.

झेन्झीने कागद घडी घालून त्याच्या खिशात परत ठेवला. "रविवारी या, भावजी. खुर्ची आहे तुमची. येताना बाटली मात्र स्वतःची आणा, माझ्याकडे परवाना नाही."

मग तिने आत बघून हाक मारली, "ओटी, कापू नकोस गं काही!"

रेकॉर्ड शरदात आली. पाकिटावर नांगरलेला चंद्र, आत वाजवणाऱ्यांची नावं, आणि शेवटी बारीक अक्षरात 'लाकडी खडखडा: कोर्बिनियान लेख्नर'. रविवारी गोल टेबल आपापल्या बाटल्या घेऊन जमलं. पोरांनी ग्रामोफोन खाली आणून ठेवला. पहिली तबकडी ऐकताना मंडळींनी पत्ते खेळले, दुसरीची तिसरी बाजू लागली तेव्हा झिर्नगिब्ल म्हणाला, "हे असंच असतं का, की बिघडलंय?" पण चौथी बाजू लागली तेव्हा पत्ते खाली गेले. स्वतःच्याच मनोऱ्यावरचा खडखडा तबकडीतून वाजायला लागला तसा कोर्बिनियान सरसावून बसला, तळहात मांड्यांवर घट्ट दाबून.

खडखडा थांबला. सूर विझत गेला. झेन्झीच्या आवाजाने तो प्रश्न विचारला, आणि तबकडी नुसती फिरत राहिली. टेबलावरचं कुणी रिकाम्या खुर्चीकडे बघेना. त्यातले निम्मे जण अडतीसच्या त्या शुक्रवारी वर होते, टाळ्या वाजवत होते.

"ढोल बार्टलचा," कोर्बिनियान म्हणाला. "आणि क्लॅरिनेट माझी."

 कोर्बिनियानने झेन्झीकडे बघितलं. सत्तरी उलटलेला म्हातारा, तळहात अजून मांड्यांवर दाबलेले.

"तुझ्या बापाला उचललं त्या दोघांतला एक मी, झेन्झी. डावा हात माझा होता."

"ठाऊक आहे रे," झेन्झी म्हणाली. "तोंडाने म्हणतोस कधी, एवढंच बघत होते."

तबकडीवर ओटीने ऑर्गनवर पुन्हा बोट ठेवलं होतं. झेन्झीने फडताळातून वडिलांचा झाकणाचा दगडी पेला काढला, पुसला, आणि कोर्बिनियानच्या पुढ्यात ठेवला. "ओत यात तुझी बिअर. बाटलीने पितोस, ते बघवत नाही मला."